माठाशेजारची जागा

पाखरंवाल्यानं पिंजरा माझ्या हातात देताना जागेबद्दल जे सांगितलं, ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे, कारण त्यातलं मी काहीच ऐकलं नाही.

"भाऊ, एक बाजू भिंतीला टेकलेली पाहिजे, म्हणजे त्याला पाठीमागून भ्या वाटत नाही. स्वयंपाकघरात नको, फोडणीचा धूर त्याला सोसत नाही. कूलरच्या तोंडाशी नको. दुपारचं ऊन तर बिलकूल नको. सकाळचा उजेड येईल अशी गार जागा बघा, आणि माणसाची जा-ये असू द्या."

जळगावच्या बाजारात त्याचं जुनं दुकान आहे. तो बोलत असतानाच माझ्या डोळ्यांसमोर नेमकी ती जागा आली. धरणगावच्या आमच्या घरात मधल्या खोलीत, माठाशेजारी, मागच्या दाराजवळ. परसातल्या लिंबाची सावली तिथवर येते आणि मे महिन्यातही तिथली फरशी पायाला गार लागते. शोधायचं काही कारणच नव्हतं. पण त्या जागी माझ्या बायकोची खाट होती. म्हणून मी मनाशी म्हटलं, बघू, घर काय लहान आहे का.

बायको सुरतेला आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने म्हणून गेली, त्याला आता साडेतीन वर्षं होत आली. आधी बाळ लहान होतं, मग लेकीची रजा संपली, मग सांभाळायला कोण, मग त्याला दुसऱ्या कोणाची सवय नाही. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, हीच तर पंचाईत. खोटं असतं तर भांडता आलं असतं. आमच्या गावात अशा बायका गेलेली पाच-सहा घरं तरी मी दाखवू शकतो. चहाच्या टपरीवर आम्हाला "सुरतवाले" म्हणतात आणि आम्हीही हसतो. सुरतेची गाडी धरणगावला थांबते. मी जाऊन येतो, चार दिवस राहतो. पण जावयाच्या दोन खोल्यांत पाचव्या दिवशी आपण कुठे बसायचं ते समजत नाही.

तिची खाट मी हलवली नव्हती. गोधडी घडी घालून उशाशी, वर जुनी चादर, मध्ये डांबराच्या गोळ्या. दर दिवाळीला गोधडी उन्हात टाकायची, झटकायची आणि परत ठेवायची. ती आली तर "माझी खाट कुठे" असं तिला विचारायला लागू नये, एवढंच.

आता पाखरू कशाला घेतलं ते सांगतो. मला पक्ष्यांची हौस नाही. लहानपणी गलोल होती, तेवढाच माझा आणि पक्ष्यांचा संबंध. पण रोज पाच वाजता सुरतेचा व्हिडिओ कॉल यायचा आणि नातू फोनसमोर ठरायचा नाही. "आबांना जय श्रीकृष्ण कर" असं आजी म्हणायची तोवर हा गॅलरीत. मग आजी त्याच्या मागे, आणि मी फोनमध्ये दिसणाऱ्या त्यांच्या छताच्या पंख्याकडे बघत बसायचो. एके दिवशी माझ्या मागे खिडकीत चिमणी येऊन बसली. धावता धावता पोरगं थबकलं, फोनला नाक लावून पुरती पाच मिनिटं उभं राहिलं आणि त्याला मांडीवर घेऊन त्याची आजीही बसली. दुसऱ्या दिवशी चिमणी आली नाही. तिसऱ्या दिवशी मी जळगावला गेलो. लोक पाखरासाठी जाळं टाकतात, मी पाखराचंच जाळं टाकलं.

पाखरंवाला म्हणत होता जोडी घ्या. हिरवे-पिवळे छोटे पोपट, बाजारात त्यांना लव्हबर्डच म्हणतात. मी म्हटलं एकच द्या. तो माणूस इमानदार. म्हणाला, "एक घेतला तर तुमच्याशी बोलंल. दोन घेतले तर दोघं एकमेकांशी बोलतील, तुमच्याकडे बघणार पण नाहीत. पण एकटा ठेवला तर तुम्हाला त्याला वेळ द्यावा लागंल." मी म्हटलं, वेळेचं सोडून दुसरं काही असेल तर सांगा.

घरी आणलं आणि जागेचा घोळ सुरू झाला. आमच्या घरात मोबाईलला रेंज फक्त पुढच्या खोलीत, तीही पश्चिमेच्या खिडकीजवळ दोन हात. तिथून आत सरकलं की आवाज तुटतो, मधल्या खोलीत तर नावाला काडी नाही. म्हणजे पोपट दाखवायचा तर खिडकीजवळच दाखवायला पाहिजे. पहिले चार दिवस मी पिंजरा आत ठेवायचो आणि पाच वाजता उचलून खिडकीशी आणायचो. उचलला की तो घाबरून जाळीला लटकायचा, पंख आपटायचा आणि नातवाला नुसती पिसं दिसायची. तेव्हा पिंजरा खिडकीजवळच टांगायचा असं मी ठरवलं.

ही पुढची खोली म्हणजे माझा फोटो स्टुडिओ. चाळीस वर्षं या तालुक्याचे पासपोर्ट, साखरपुडे, बारशी आणि स्थळाला पाठवायचे मुलींचे फोटो मी इथे काढले. मोबाईल आले आणि गिऱ्हाईक आपल्या हातातच फोटो काढायला लागलं, तेव्हा पाटी उतरवली. पण स्टूल आहे, कॅमेऱ्याची तिपाई आहे, आणि भिंतीवर गुंडाळलेला रंगवलेला पडदा आहे, कमळांचं तळं आणि मागे बर्फाचे डोंगर. जिनिंगमधली कापसानं भरलेली माणसं त्या बर्फासमोर ताठ उभी राहायची आणि मी म्हणायचो, हनुवटी खाली, डोळे इकडे.

पिंजरा पडद्याच्या हुकाला टांगला. पाच वाजता मी फोन धरला, पोपट बरोबर मधोमध घेतला. नातू खूश. "पोपट, पोपट!" बायको म्हणाली, "कितली गोड शे हो." मग तिनं विचारलं, दाणे खातो का, पाणी बदलता का, रात्री झाकता का. सगळ्याची उत्तरं मी दिली. आठवडाभर असंच चाललं. वीस-वीस मिनिटांचे कॉल व्हायला लागले, आधी चार मिनिटांचे व्हायचे. मी मोठ्या आनंदात होतो, आणि मग एका दिवशी माझ्या लक्षात आलं की फोन माझ्या हातात आहे आणि त्याचं तोंड पोपटाकडे आहे. मी त्या दोघांना बघत होतो, ती दोघं पोपटाला बघत होती. आठवडाभर तिनं माझं तोंड पाहिलेलं नव्हतं, आणि तिच्याही ते ध्यानात आलेलं नव्हतं.

आमच्या घरातल्या एकाही जुन्या फोटोत मी नाही. लेकीचं बारसं, वाढदिवस, मुक्ताईनगरची यात्रा, सगळीकडे माय-लेकी आहेत. काढणारा मी, त्यामुळे दिव्याखाली अंधार. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, धंदाच तो. पण त्या दिवशी मला वाईट वाटलं. सदुसष्टाव्या वर्षी पोपटावर जळणारा माणूस कोणी पाहिला नसेल तर त्यानं धरणगावला यावं.

मग मी माझी सगळी विद्या पणाला लावली. फोन तिपाईवर दोन रबरांनी बांधला. पडदा खाली सोडला. पिंजरा पुढे, जरा उजवीकडे, आणि डावीकडे स्टूल. उजेड समोरून पाहिजे, मागून आला की चेहरा काळा पडतो, म्हणून सगळं पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून मांडलं. पाचच्या उन्हात खोली कशी उजळून निघायची ते मी चाळीस वर्षं बघितलेलं होतं. पिंजरा दोन बोटं खाली घे, स्टूल पुढे सरकव, असं करत करत ज्या स्टुलावर अख्खा तालुका बसला त्यावर मी पहिल्यांदा बसलो. हनुवटी खाली घेतली.

कॉल लागला. नातू म्हणाला, "पोपट!" बायकोनं बघितलं, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "तो पडदा धोवाले टाका. कितली धूळ शे त्यावर."

पण दुसऱ्या दिवशी ती म्हणाली की तुमच्या सदऱ्याचं वरचं बटण गेलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, दाढी करत जा. चौथ्या दिवशी मी दाढी करून बसलो तर म्हणाली, "आज कथा जाणं शे?" मी म्हटलं, कुठे नाही, इथेच. ती हसली. त्या दहा दिवसांत जेवढं सुख झालं तेवढं साडेतीन वर्षांत नव्हतं. चार वाजल्यापासूनच मी पडद्यावर फडकं मारायला लागायचो.

फक्त ऊन वाढत होतं. आमच्याकडच्या मे महिन्याचं ऊन भिंतीतून आत येतं, खिडकी तर उघडीच. मी खिडकीवर पांढरं धोतर लावून बघितलं, स्टुडिओत उजेड मऊ करायला लावायचो तसं. पण त्यानं चित्र अंधारलं. नातू ओरडला, "नथी देखातुं!" त्याला मराठी धड येत नाही, दिसत नाही हेसुद्धा तो गुजरातीत सांगतो. धोतर काढलं. पोपट चोच उघडी ठेवून बसायला लागला, पंख अंगापासून थोडे लांब धरून. मला समजत नव्हतं असं नाही. मी दाण्याची वाटी बदलली, पाणी दोनदा बदललं, जागा सोडून सगळं बदललं.

आणि मग कांदा. आमच्याकडे उन्हात निघताना खिशात कांदा टाकतात, ऊन लागत नाही म्हणून. माझ्या वडिलांच्या टोपीत असायचा, लग्नाच्या वरातींचे फोटो काढायला जायचो तेव्हा माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत असायचा. मी एक चांगला पांढरा कांदा अर्धा कापला आणि तारेनं पिंजऱ्याच्या आत बांधला. पोपट त्याला चोची मारायला लागला. मला वाटलं, बघा, जनावराला औषध समजतं.

दुसऱ्या दिवशी पाचला कॉल लागला तेव्हा बायको मोकळ्या मनानं बोलत होती. तिचा गुडघा दुखत होता, चौथ्या मजल्यावर पाण्याचे डबे चढवावे लागले होते. असं ती मला सहसा सांगत नाही. मी म्हणत होतो, तेल लाव, फिरू नकोस. मध्येच नातू म्हणाला, "आबा, पोपट सुई गयो." झोपला. फोनच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत माझाही चेहरा दिसत होता आणि माझ्या खांद्याशेजारी पिंजरा, त्यात दांडीवर कोणी नव्हतं. हे मी बघितलं. तरी मी मागे वळलो नाही. ती गुडघ्याचं सांगत होती आणि माझ्याकडे बघून सांगत होती. आणखी चार-पाच मिनिटं मी तसाच बसलो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

कॉल संपल्यावर बघितलं तर तो पिंजऱ्याच्या तळाशी कुशीवर पडला होता, डोळे अर्धे मिटलेले, पोट धडधडत होतं. ओला पंचा पिंजऱ्यावर टाकला आणि मिळाली त्या बसनं जळगाव गाठलं. बसमध्ये एका अक्कांनी विचारलं, काय शे त्यामा? मी म्हटलं, पाहुणा.

पाखरंवाल्यानं पिंजरा उघडला आणि आधी कांदा बघितला. तो कांदा त्यानं माझ्यासमोर धरला.

"हे काय?"

"ऊन लागू नये म्हणून."

"अहो भाऊ, प्याज माणसाला. पाखराला ते जहर आहे." त्यानं पोपटाला ओंजळीत घेतलं, पायांना पाणी लावलं, चोचीत थेंब थेंब सोडलं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात गार अंधारात ठेवलं. मग माझ्याकडे वळला. "ऊन लागतं अशा जागी ठेवलाच कशाला? मी सांगितलं होतं ना?"

"तिथे रेंज येते," मी म्हटलं.

तो हसला. "पाखराला रेंज कशाला पाहिजे?"

मी खोक्याकडे बघत राहिलो. त्याचं हसू हळूहळू गेलं आणि त्यानं मला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "आज इथे राहू द्या. जगला तर उद्या सकाळी न्या."

सकाळी फोन आला, जगला. मी जायच्या आधी मधल्या खोलीत गेलो. खाटेवरची चादर काढली, गोधडी कपाटात ठेवली. खाट उभी केली, पाय सोडवले आणि शिडी लावून माळ्यावर चढवली. एकट्यानं. दोनदा खाली उतरून दम घ्यावा लागला. डांबराच्या गोळ्या फरशीवर घरंगळल्या त्या गोळा केल्या. ती जागा एवढी मोठी असेल असं वाटलं नव्हतं. भिंतीवर खाटेच्या उंचीला तेलकट डाग होता, ती तिथे टेकून बसायची आणि तांदूळ निवडायची. मी तो पुसला नाही.

पोपट आणला आणि माठाशेजारी स्टुलावर पिंजरा ठेवला, एक बाजू भिंतीला. ते स्टुडिओतलंच स्टूल. लिंबाची सावली त्याच्यावर हलत होती. तासाभरानं तो दांडीवर चढला, मग दाणा फोडल्याचा आवाज आला. मला त्याची माफी मागायची होती, पण पाखराशी मोठ्यानं बोलायची मला अजून लाज वाटत होती.

पाच वाजता मी एकटाच खिडकीजवळ बसलो. नातवानं विचारलं, "पोपट क्यां छे?" मी सांगितलं, आत झोपलाय, त्याला बरं नाही, आता तो आतच राहणार. पोरानं क्षणभर माझ्याकडे बघितलं. नंतर गॅलरीकडे पळण्याचा आवाज आला. रोज अशा वेळी ती त्याच्या मागे जाते. त्या दिवशी गेली नाही. गुडघा दुखत असेल. मग बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघंच समोरासमोर आलो, मध्ये ना नातू ना पोपट.

"तुम्ही वाळी ग्यात," ती म्हणाली. वाळलात.

"उन्हानं," मी म्हटलं. आणि मग साडेतीन वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "जूनमा तो शाळामा जाई. मंग तू येशी ना?"

ती मागे वळून बघायला लागली, तिथे कोणी नव्हतं. म्हणाली, शाळा बाराला सुटते. आणायला कोणीतरी लागेल ना. मी म्हटलं, हो, लागेलच. फोन वाया जात होता, पण कोणी ठेवत नव्हतं.

मग तिनंच विचारलं, "पाखरू कथा ठेवं मंग?"

खरं सांगतो, मी या प्रश्नाची सकाळपासून वाट बघत होतो. माळ्यावर खाट चढवतानासुद्धा माझ्या मनात हेच होतं, की तिला कळलं की ती रागावेल. म्हणेल, मन्ही खाट काबरं हालाडी? मी उनू की मी कोठे झोपू? आले की झोपू कुठे. तिनं तसं म्हटलं असतं तर मी खाट तेव्हाच खाली उतरवली असती आणि पोपटाला डोक्यावर घेऊन फिरलो असतो.

"मधली खोलीमा," मी म्हटलं. "माठजोडे. तुन्ही खाट होती ना, तठे. खाट माळावर टाकी दिधी."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मागे सुरतेचं ऊन होतं, त्यामुळे तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. उजेड मागून होता. तिला सांगायला पाहिजे होतं की जरा वळून बस.

"बरं कयं," ती म्हणाली. "तठे गारवा ऱ्हास."

बरं केलं म्हणाली. मी म्हटलं, हो, गारवा असतो. तिनं सांगितलं, जेवून घ्या, आणि फोन ठेवला.

मी तिपाईवरची रबरं काढली, बर्फाचे डोंगर गुंडाळून वर बांधले. पिंजरा आता कायमचा आत राहणार, स्टुलावर किती दिवस ठेवायचा, म्हणून हातोडी आणि मोठा खिळा घेऊन मधल्या खोलीत गेलो आणि त्या तेलकट डागाच्या जरा वर, भिंतीत ठोकला. चांगला खोल ठोकला. पोपट आवाजानं घाबरून कोपऱ्यात सरकला होता, पण पिंजरा टांगल्यावर हळूहळू दांडीवर आला आणि एका डोळ्यानं माझ्याकडे बघायला लागला. मी माठातलं पाणी प्यालो, फरशीवर भिंतीला टेकून बसलो आणि त्याला विचारलं, "जेवना का?"